राउटरचा फर्मा घरी बनवायचा तर: टेप बाजूला ठेवा, फळीनेच माप घ्या

प्रश्न थोडक्यात असा: घरासाठी पुस्तकांचं कपाट करायला घेतलंय. १८ मिमी प्लाय, दोन उभ्या बाजू प्रत्येकी १८०० बाय २८० मिमी, मध्ये पाच फळ्या, आणि फळ्या स्क्रूवर न टांगता खाचेत बसवायच्या आहेत. हाताशी ट्रिमर (एका हाताने धरायचं छोटं राउटर, म्हणजे लाकडात खाच मारायचं मशीन), १२ मिमीचं बिट, ड्रिल, जिगसॉ आणि चार क्लॅम्प. ॲल्युमिनियमची पट्टी दोन टोकांना क्लॅम्प करून चाचणीची पहिली खाच मारली, तर ती मधोमध ३ मिमी सरकली. शिवाय फळी एका टोकाला अडकते आणि दुसऱ्या टोकाला खुळखुळते. आता गाइड रेल विकत घ्यावी, टेबल सॉ घ्यावा, की मशीनला वाट दाखवणारा साचा, म्हणजे जिग, घरीच करता येईल?

घरीच करता येईल, आणि दहा खाचांच्या कामासाठी मी तरी तेच करेन. आमच्या कारखान्यात टेबल सॉ आहे, तरीही १८०० मिमी लांबीच्या फळीला आडव्या खाचा मारायच्या असल्या की मी राउटर आणि फर्माच घेतो. एवढी लांब फळी टेबल सॉवर आडवी धरून ढकलण्यापेक्षा फळी जागेवर ठेवून मशीन फिरवणं सोपं आणि सुरक्षित. (जिग म्हणा, फर्मा म्हणा, एकच. मी फर्मा म्हणणार, कारण कामगारांना तेवढं म्हटलं की कळतं. ‘राउटर आण’ म्हटल्यावर एका नव्या पोराने मला वाय-फायचा डबा आणून दिला होता.)

पण फर्मा करण्याआधी तुमची खाच का बिघडली ते बघू. तुम्ही तिला ‘वाकडी’ म्हणताय, पण त्या एका खाचेत दोन-तीन वेगवेगळे दोष एकत्र आलेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

खाच मारलेला तुकडा समोर घ्या. मधला ३ मिमीचा फुगवटा कुठल्या बाजूला आहे? जिथे पट्टी लावली होती तिकडे, की पट्टीपासून लांब? पट्टीकडे असेल तर पट्टी वाकली. ॲल्युमिनियमची चपटी पट्टी दोन टोकांना धरली की मधे ती धनुष्यासारखी होते. मशीन टेकवून ढकलताना हात थोडा जरी दाबला तरी थोडंफार वाकायला पुरतं. फुगवटा पट्टीपासून लांब असेल तर पट्टीचा काही दोष नाही, तुम्ही मशीन उलट्या दिशेने चालवलं. माझा अंदाज दुसऱ्या कारणाचा आहे, कारण पट्टी वाकून ३ मिमी जायला बराच जोर लागतो. दिशा चुकली तर मात्र ३ मिमी कधी गेले ते कळतही नाही.

दिशेचं एकदा नीट समजून घ्या, ते पाठ करायची गरज पडत नाही. राउटर हातात धरून वरून पाहिलं तर बिट (खाच कापणारं पातं) घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. तुम्ही मशीन स्वतःपासून पुढे ढकलताय. लाकूड कापतेय ती बिटाची पुढची बाजू, आणि तिथे पात्याची धार डावीकडून उजवीकडे जातेय. धार लाकडाला उजवीकडे रेटते, म्हणून लाकूड मशीनला डावीकडे रेटतं. मशीन कायम आपल्या चालीच्या डाव्या हाताला पळतं. त्यामुळे पुढे ढकलताना पट्टी डाव्या हाताला हवी, म्हणजे मशीन आपणहून तिला चिकटून चालतं. पट्टी उजवीकडे असेल तर तुमचं मनगट आणि मोटर यांची ओढाताण होते. ट्रिमरच्या बिटाला मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे असतात, तेव्हा कोण जिंकणार ते सांगायला नको.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या सागवानी व्हिनियर लावलेल्या फळीवर मी पट्टी उजवीकडे लावून मशीन चालवलं. अर्ध्यावर आल्यावर आवाज बदलला, हात डावीकडे गेला आणि खाचेची कड ४ मिमी फाटली. आमच्या मिस्त्रींनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, “मशीन कुठे जायचं म्हणतंय ते आधी विचारायचं, मग पट्टी लावायची.” ती फळी शेवटी मागच्या बाजूला गेली आणि व्हिनियरचे पैसे माझ्या पगारातून गेले.

फळी एका टोकाला अडकते आणि दुसरीकडे खुळखुळते, हा दोष वेगळा. १२ मिमीच्या बिटाने १८ मिमीची खाच म्हणजे दोनदा चालवणं आलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही टेप लावून पट्टी सरकवली असणार. अर्धा मिमी इकडे, अर्धा तिकडे. शिवाय ‘१८ मिमी’ हे प्लायचं नाव आहे, माप नाही. व्हर्नियर (जाडी नेमकी मोजायचं साधन) लावून पाहा. माझ्याकडे आलेल्या शीट १७.३ पासून १८.५ पर्यंत भरल्या आहेत, कधीकधी एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांत फरक असतो. आणि वर सनमायका लावणार असाल तर हिशोब पुन्हा बदलला: १ मिमीची सनमायका दोन्ही बाजूंना म्हणजे २ मिमी वाढले, शिवाय फेविकॉलचा थर. उघड्या प्लायच्या मापाने खाचा मारून नंतर सनमायका चिकटवणाऱ्यांचे फोन मला अजूनही येतात.

म्हणून मी सुचवतोय त्या फर्म्याला टेप लावायचाच नाही. त्याचे दोन अर्धे असतात, डावा पक्का आणि उजवा सरकता, आणि त्यांच्या मधल्या फटीतून बिट चालतं. त्यात दोन गोष्टी आपोआप ठरतात. बिट नेमकं कुठून कापणार, हे फर्म्याची कड दाखवते, कारण ती कड त्याच मशीनने आणि त्याच बिटाने कापलेली असते. आणि खाच किती रुंद, हे तुमच्या फळीचा तुकडा ठरवतो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. खाली दिलेली मापं ९० मिमी चौकोनी बेसचा (म्हणजे मशीनच्या सपाट तळाचा) ट्रिमर धरून आहेत. तुमचा बेस मोजा आणि त्याप्रमाणे बदला. मोठं १२ मिमी कॉलेटचं (कॉलेट म्हणजे बिटाचा दांडा आवळून धरणारा भाग) राउटर असेल तर फर्मा बराच रुंद होईल. दोन-तीनच खाचा मारायच्या असत्या तर मी अर्धाच फर्मा करा म्हणालो असतो. आणि वरच्या अंगाला बेअरिंग असलेलं आखूड पॅटर्न बिट मिळालं तर काम आणखी सोपं, कारण मग बेसचा संबंधच उरत नाही. दोन सरळ पट्ट्यांमध्ये फळीचा तुकडा ठेवून त्या आवळल्या की झालं. पण ६ मिमी दांड्यात तसं आखूड बिट हार्डवेअरच्या दुकानात सहसा हाती लागत नाही. ऑनलाइन शोधून बघा, नाहीतर साध्या सरळ बिटाने चालतं.

सामान असं. तळासाठी ६ मिमी एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या) दोन पट्ट्या, ११५ मिमी रुंद आणि ७०० लांब. त्यावर बसणाऱ्या १२ मिमी प्लायच्या किंवा एमडीएफच्या दोन पट्ट्या, ७० रुंद आणि तितक्याच लांब. दोन आडव्या पट्ट्या १२ मिमी प्लायच्या, ५० रुंद, ३०० लांब. एम-६ चे (६ मिमी जाडीचे) चार कॅरेज बोल्ट, वॉशर, हाताने आवळायचे विंग नट. बस. ७०० ही लांबी कुठून आली ते पुढे येईल. बऱ्याच प्लायच्या दुकानांत आता पॅनल सॉवर पट्ट्या कापून देतात. तिथेच कापून घ्या, जिगसॉने कापलेली कड मशीन टेकवायला चालणार नाही.

वरची पट्टी १८ मिमीची का नाही, असा प्रश्न येईल. घरात १८ चे तुकडेच पडलेले असतात ना! पण ट्रिमरची खोली आवळायचा जो नट असतो तो बाजूला बाहेर आलेला असतो. पट्टी उंच झाली की तो तिच्यावर घासतो किंवा अडकतो, आणि हे तुम्हाला खाच अर्धी झाल्यावर कळतं. मशीन पट्टीला टेकवून एकदा बघा. १२ ने अडत असेल तर ९ घ्या.

पट्टी सरळ आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. कागदावर किंवा एमडीएफवर तिच्या कडेने बारीक पेन्सिलची रेघ मारा, मग पट्टी रेघेच्या दुसऱ्या अंगाला उलटवून तीच कड पुन्हा रेघेवर ठेवा आणि दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एक झाल्या तर पट्टी सुतासारखी सरळ. मधे १ मिमी फट दिसली तर पट्टीत अर्धा मिमी बाक आहे, कारण ही चाचणी चूक दुप्पट करून दाखवते. बाक असेल तर रंध्याचा हलका हात द्या, नाहीतर दुसरी पट्टी घ्या. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचे तुकडे पडलेले असतात. उंचीला बसत असेल तर तोही चालतो. तुमच्याकडची चपटी पट्टी मात्र या कामातून कायमची बाद.

आता जोडणी. तळाच्या ११५ च्या पट्टीवर ७० ची पट्टी एका बाजूच्या कडेला बरोबर जुळवून चिकटवा. ४५ मिमी जागा मोकळी राहिली. ४५ म्हणजे ट्रिमरच्या बेसची अर्धी रुंदी, म्हणजे बिटाचा मध्य बरोबर तळपट्टीच्या कडेवर येणार. तुमचा बेस वेगळा असेल तर त्याची अर्धी रुंदी मोकळी सोडा, एवढाच नियम. यापेक्षा जास्त मोकळी सोडली तर कापताना बाहेरच्या अंगाला एक बारीक पट्टी सुटी पडते आणि बिट ती पकडून भिरकावतं. अर्धीच सोडली की सगळा भुसा होतो.

चिकटवताना दोन बारीकसारीक गोष्टी, ज्यांनी पुढे खूप फरक पडतो. वरच्या पट्टीची खालची आतली कड, म्हणजे जिथे मशीनचा बेस येऊन टेकणार तो कोपरा, तिथे चिकटवण्याआधी रंध्याने किंवा पॉलिश पेपरने मिलिमीटरभर उतार काढा. त्या सांध्यात भुसा जमतो, आणि उतार नसेल तर तो भुसा मशीनला पट्टीपासून ढकलून धरतो. दुसरं, दाबल्यावर बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसा. वाळला की त्याचा खडा होतो आणि बेस दर खेपेला त्यावर चढतो. स्क्रू मारायचेच असतील तर खालून, डोकी आत बसवून, आणि बिटाच्या वाटेपासून लांब. एकदा माझ्या बिटाने स्क्रू गाठला होता. कार्बाइडचा तुकडा उडून समोरच्या पत्र्यावर वाजला. चष्मा होता म्हणून ही गोष्ट गंमत म्हणून सांगतोय.

फेविकॉल रात्रभर वाळू द्या. मग दोन्ही अर्ध्यांच्या तळपट्टीच्या कडा तुमच्याच मशीनने कापायच्या. खाली टाकाऊ फळी ठेवा, फर्म्याचा अर्धा भाग तिच्यावर क्लॅम्प करा. बिट १२ मिमीचं लावा. पट्टी डाव्या हाताला ठेवून मशीन तिला टेकवा आणि पुढे ढकला, दोन खेपांत. तळपट्टीची ६ मिमी कड जाईल आणि ३९ मिमी उरेल. ही जी नवी कड तयार झाली, तीच तुमच्या खाचेची भिंत. फळीवर पेन्सिलची रेघ मारून ही कड रेघेवर ठेवली की खाच तिथेच सुरू होते. बेसची अर्धी रुंदी वजा बिटाची अर्धी जाडी, हा हिशोब पुन्हा कधी करायचा नाही.

दुसरा अर्धा भाग कापताना एक मेख आहे. ट्रिमरच्या बेसच्या बरोबर मध्यावर बिट असतंच असं नाही. थोडंफार इकडेतिकडे असतं. म्हणून बेसची जी कड डाव्या पट्टीला टेकणार तिच्यावर मार्करने ‘डा’ लिहा, समोरच्या कडेवर ‘उ’. डावा अर्धा ‘डा’ टेकवून कापा, उजवा ‘उ’ टेकवून. काम करतानाही तसंच: मशीन हातात गोल फिरवायचं नाही, तोंड कायम एकाच दिशेला. बेस गोल असेल तर लोकांना वाटतं कसाही धरला तरी चालतो. तसं नाही, गोल बेसवरही समोरासमोर दोन ठिपके द्या. उजवा अर्धा कापताना पट्टी उजवीकडे असणार, मग मशीन स्वतःकडे ओढत आणा. तुमच्याकडे येताना मशीनचा डावा हात म्हणजे तुमचा उजवा, त्यामुळे ते पुन्हा पट्टीलाच चिकटतं.

फर्म्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘१२ मिमी, ट्रिमर’. बिट बदललं की फर्म्याची कड खोटी ठरते. १० मिमी बिट लावलं तर दोन्ही बाजूंना १ मिमी लाकूड उरेल. अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ चं लावलं तर ते फर्म्याचीच कड खाईल, एका बाजूला जेमतेम ०.३५ मिमी, पण ती गेली ती गेली. दुकानदार अर्धा इंच आणि १२ मिमी ही एकच वस्तू समजून देतात, म्हणून बिटावर व्हर्नियर लावा. दांड्याचंही तेच: ६ मिमीचा दांडा ६.३५ च्या कॉलेटमध्ये आवळल्यासारखा वाटतो, पण मशीन चालू झाल्यावर घसरतो आणि बिट खाली खाली उतरत जातं. खाच एका टोकाला खोल निघाली तर आधी कॉलेट तपासा.

आता दोन अर्धे जोडायचे. आडव्या पट्ट्या दोन्ही टोकांना, खालून. जवळची आडवी पट्टी तुमच्या फळीच्या कडेला टेकते आणि काटकोन देते. लांबची नुसती दोन्ही अर्धे एकत्र धरते. दोन आडव्या पट्ट्या ५० च्या, मध्ये तुमच्या दोन्ही बाजू मिळून ५६० मिमी, आणि पाचर मारायला ४० ची जागा. झाले ७००. या पट्ट्या १२ मिमीच्याच हव्यात, १८ च्या नकोत. १८ ची आडवी पट्टी लावली आणि फळी १७.६ भरली, तर फर्मा फळीवर न बसता टेबलावर टेकतो आणि डुगडुगतो.

डावा अर्धा दोन्ही आडव्या पट्ट्यांना कायमचा जोडायचा, पण लगेच चिकटवू नका. जवळच्या पट्टीला आधी एकच स्क्रू मारा, म्हणजे तो भाग बिजागरीसारखा फिरेल. मग काटकोन साधा. गुण्यावर माझा भरवसा आहे, पण लहान गुण्याने ७०० मिमी लांबीचा काटकोन तपासणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. त्यापेक्षा आडव्या पट्टीच्या आतल्या कडेला ३०० मिमीपेक्षा लांब सरळ फळी जोडून धरा, सांध्यापासून एका बाजूला ३०० आणि फर्म्याच्या कडेवर ४०० मोजून खुणा करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५०० भरलं पाहिजे. भरलं की क्लॅम्प लावा, दुसरा स्क्रू मारा, टाकाऊ फळीवर एक खाच मारून पुन्हा तपासा आणि मगच फेविकॉल.

उजवा अर्धा सरकता. त्याच्या दोन्ही टोकांना, वरच्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाला, खाचेच्या आडव्या दिशेत ४० मिमी लांबीची आरपार चीर पाडा. दोन टोकांना साडेसहाचं भोक, मधलं लाकूड ट्रिमरने थोडं थोडं काढा. बोल्ट आडव्या पट्टीतून खालून वर, वर वॉशर आणि विंग नट. चारांपैकी दोन बोल्ट इथे गेले. उरलेले दोन मी डाव्या भागाच्या सांध्याला घालतो, कारण माझ्या पोरांच्या हातून फर्मा पडतो. तुम्हाला नसतील घालायचे तर नका घालू. विंग नट आवळल्यावर मशीनचं अंग त्यांना लागत नाही ना, हे मशीन बंद ठेवून एकदा फिरवून बघा.

वापरायची पद्धत. कपाटाच्या फळीचाच एक तुकडा घ्या, सनमायका लावणार असाल तर लावलेला. तो दोन कडांच्या मधे उभा ठेवा, उजवा अर्धा त्याला भिडवा. जवळच्या टोकाला तपासा, लांबच्या टोकाला तपासा, नट आवळा आणि पुन्हा तपासा, कारण आवळताना तो किंचित सरकतो. तुकडा हाताच्या दाबाने सरकला पाहिजे, हातोडीने नव्हे. मी एका बाजूला वर्तमानपत्राच्या कागदाची एक घडीही घालतो. फेविकॉलच्या पाण्याने लाकूड फुगतं, आणि कोरडी घट्ट बसलेली फळी गोंद लावल्यावर अर्ध्यात अडकून बसते. तेव्हा ना पुढे जाते ना मागे येते.

आता दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवा, आतली तोंडं वर, डोकी एका रेषेत, आणि कपाटाच्या दर्शनी कडा एकमेकींना भिडवा. मागच्या कडा बाहेर. एकाच फेरीत दोन्ही फळ्यांना खाच पडली की डावीकडचा कप्पा उजवीकडच्यापेक्षा वर-खाली व्हायचा प्रश्नच नाही. दहाऐवजी पाचच वेळा फर्मा लावायचा. दर्शनी कडा मधे ठेवण्याचं कारण वेगळं. बिट लाकडातून बाहेर पडताना वरचं व्हिनियर उचकटतं. मधल्या सांध्यावर एक फळी दुसरीला आधार देते, त्यामुळे दर्शनी कड साफ राहते, आणि जे काही उचकटायचं ते मागे, भिंतीकडे. लांबच्या टोकाला फळी आणि आडवी पट्टी यांच्या मधे एक टाकाऊ तुकडा घालून पाचर ठोका, म्हणजे तेही वाचेल.

खोली ६ मिमी पुरे, म्हणजे १८ चा तिसरा हिस्सा. पण ट्रिमरने ती एका दमात मारायची नाही. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे ३ मिमीच्या जरा वर. एका वेळी एक सूत. दोन खेपांत खाच पूर्ण. खोली लावताना फर्म्याची ६ मिमी जाडी धरायला विसरू नका. बिट बेसच्या खाली आधी ९ आणि मग १२ मिमी बाहेर आलं पाहिजे. प्रत्येक खेपेला डाव्या पट्टीला टेकून पुढे जा, उजव्या पट्टीला टेकून परत या. १२ च्या बिटाने १८ ची खाच मारताना मधे काही उरत नाही. ८ मिमी बिटाचा फर्मा केला असता तर मधोमध २ मिमीचा कणा उभा राहिला असता आणि तिसरी फेरी लागली असती. खेपांच्या मधे भुसा झाडा, खासकरून पट्टीच्या कोपऱ्यातला. मशीनचा बेस दोन्ही अर्ध्यांवर टेकून चालतो, त्यामुळे ते कलत नाही. एका पट्टीवर काम करताना तुमचं मशीन कललंही असणार.

समोरून खाच दिसेल अशी काळजी असेल तर सोडून द्या. आपल्याकडे फळीच्या तोंडाला सागवानी पट्टी किंवा एजबँड लागतेच, ती खाच झाकते. ज्यांना लावायची नाही त्यांनी समोरून १० मिमी अलीकडे मशीन थांबवावं, कोपरे पटाशीने चौकोनी करावेत आणि फळीचा कोपरा तेवढा कापावा. ते वेगळं, जास्त वेळखाऊ काम आहे. आणि न विचारता सांगतो: फळ्यांची लांबी तुम्ही लिहिली नाही, पण ९०० ठेवणार असाल तर पुस्तकांच्या वजनाने १८ मिमी प्लाय काही वर्षांत मधे झोपेल. ७५० च्या आत ठेवा, किंवा पुढच्या कडेखाली उभी पट्टी द्या.

गोंधळ होऊ नये म्हणून क्रम परत: पट्टी सरळ आहे का ते उलटवून पाहा, दोन्ही अर्धे चिकटवा, बेसवर ‘डा’ आणि ‘उ’ लिहून त्याच बिटाने कडा कापा, ३००-४००-५०० ने काटकोन साधा, टाकाऊ फळीवर एक खाच मारून तुकडा बसवून बघा, मग खऱ्या फळीला हात लावा. बिट बदलताना प्लग काढा, डोळ्यांवर चष्मा, नाकाला मास्क; एमडीएफची धूळ फार बारीक असते. आणि फ्लॅटमध्ये काम करताय तर दुपारी दोन ते चार ट्रिमर चालवू नका, त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

फर्मा झाल्यावर त्याला सीलरचा एक हात द्या, विशेषतः एमडीएफच्या कडांना. मुंबई-कोकणाकडे असाल तर पावसाळ्यात उघडी एमडीएफ फुगते आणि इतक्या मेहनतीने कापलेली कड जाते. भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, वाकतो. आडव्या पट्टीला एक भोक पाडा आणि खिळ्याला टांगा. ज्यावरून रुंदी लावली तो कपाटाच्या फळीचा तुकडाही त्याच खिळ्याला अडकवून ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी एखादा कप्पा वाढवायची वेळ आली की तो सापडत नाही.